मास्तरांची किल्ली

रोग्याला खरंच दुखतंय की तो सोंग करतोय, हे मणकेमास्तरांना तो दारातून आत येतानाच कळतं, असं सगळा रस्ता म्हणायचा. मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. पण पालथ्या झोपलेल्या रोग्याच्या पाठीवर तळहात टेकून, "हं, श्वास सोडा... सोडा..." म्हणत ते असा झटका द्यायचे, की मणका 'कट्' वाजायचा आणि त्यापाठोपाठ मास्तरांचा आवाज यायचा, "शाब्बास!" या शाब्बासकीनेच त्यांना मास्तर केलं. मोठमोठी माणसं टेबलाच्या भोकात तोंड खुपसून त्या एका शब्दासाठी निमूट पडून राहायची.

दवाखाना तळमजल्यावर होता आणि त्याच्यामागे मास्तरांची खोली. बायको गेल्यापासून ते तिथेच राहायचे. मधलं दार किलकिलं ठेवलं की रोग्यांची ये-जा ऐकू यायची. हल्ली रोगी मुलाकडे जायचे. मुलगाही याच विद्येचा, फक्त त्याची टेबलं विजेवर वरखाली होत. तरी एखादा जुना म्हातारा, "थोरल्यांनाच बोलवा, त्यांचा हात हलका," म्हणायचा. मग मास्तर बाह्या सारत बाहेर यायचे आणि तो दिवस त्यांना गोड जायचा.

मास्तरांचं नाव झालं ते मात्र मणक्यांमुळे नाही, किल्लीमुळे. गाडीला मागून धक्का बसला, मान धरली, कंबर धरली, असं म्हणणारी माणसं विमा कंपनी त्यांच्याकडे तपासणीला पाठवी. मास्तर गोड बोलत, हवापाण्याचं विचारत आणि बोलता बोलता पितळी घुंगरू लावलेली आपली किल्ली हातातून सोडत. खळ्कन आवाज होई. जो पटकन वाकून किल्ली उचलून देई, तो खोटा. "कंबर मोडलेला माणूस किल्लीसाठी वाकत नाही हो," असं ते रात्री जेवताना सांगत आणि वाकणाऱ्याची नक्कल अशी करत, की मुलाला हसता हसता ठसका लागे. त्या घरात मुलगा तो खेळ बघत मोठा झाला. पुढे सून आली, तीही शिकली. नातीचं तर बोलणं फुटलं ते "किल्ली पदली" करतच.

एकदा एक इस्त्रीवाली आली होती. ती बसली होती त्या भाड्याच्या गाडीला मागून टेम्पो लागला होता. किल्ली पडली तशी ती वाकली. वाकली आणि क्षणभर तशीच राहिली, टेबलाचा पाय धरून. मग वर आली, चेहरा पांढराफटक, आणि "घ्या डॉक्टर," म्हणाली. मास्तरांनी विम्याच्या माणसाला एवढंच सांगितलं, "वाकते." रात्री तिचीही नक्कल झाली. टेबलाचा पाय धरण्यावर सगळ्यात जास्त हशा पिकला.

मास्तरांना दुष्ट म्हणता येणार नाही. मुंगीवर पाय पडला तर हळहळणारा माणूस. फक्त आपलं एकदा ठरलं की ठरलं.

यंदा मुलाने नवं टेबल घ्यायचं काढलं. ते ठेवायला जागा हवी, म्हणजे मास्तरांची खोली हवी. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर जायचं, रविवारी सामान हलवायचं, असं ठरलं. लिफ्ट नव्हती.

"वर हवा छान आहे, बाबा," सून म्हणाली.

"हवा काय, खालीही फुकटच मिळते," मास्तर म्हणाले. पण वाद घातला नाही. दारातून येणारे आवाज आता ऐकू येणार नाहीत एवढंच त्यांच्या मनात आलं, आणि असल्या गोष्टीचं कारण लोकांना सांगता येत नाही.

टेबल पाहून परत येताना सिग्नलला गाडी उभी होती. मास्तर पुढच्या सीटवर पूर्ण मागे वळून नातीला वाकुल्या दाखवत होते. नेमका तेव्हाच मागून एका व्हॅनने धक्का दिला. मुलगा उतरला, वाकून बघितलं, बोट फिरवलं. "नखाएवढा ओरखडा. सुटलो!" म्हणाला आणि गाडी सुरू केली. मास्तर मान सरळ करायला गेले तर खांद्यापासून कंबरेपर्यंत कुणी तापलेली तार ओढावी तसं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांना बिछान्यावरून उठता येईना. मुलाने एक्स-रे काढला, दिव्यासमोर धरला. "काही नाही, बाबा. स्नायू आखडलाय."

"एक्स-रेत हे दिसत नाही रे. मान वळलेली असताना धक्का बसला मला."

"हे तुम्ही म्हणताय? असल्या ओरखड्याने कुणाला काही होत नाही, हे मला कुणी शिकवलं?"

"शिकवलं मीच," मास्तर म्हणाले. "पण मला जिना चढवणार नाही. रविवारचं पुढे ढकल."

मुलाने एक्स-रे पाकिटात सरकवला. बाहेर जाऊन बायकोला म्हणाला, "आलं ना लक्षात? जिना आला की पाठ आली." ती हसली. मधलं दार किलकिलं होतं.

शनिवारी मास्तर भिंत धरत धरत जेवायला आले. जेवण झालं. नात दोन्ही हातांत पाण्याचा भरलेला पेला धरून त्यांच्या खुर्चीशी आली आणि खळ्कन काहीतरी पडलं.

"आजोबा, माझं पडलं! माझे हात भरलेत!"

लेकराचे हात भरलेले. मास्तर वाकले. बोटं घुंगराला लागली तेव्हा कुठे त्यांना तो आवाज ओळखू आला. मग पाठीतून अशी कळ गेली, की पुढचं दिसेना. त्यांचा हात आपोआप टेबलाच्या पायाकडे गेला आणि तिथे घट्ट बसला. याच उंचीवर, असाच, आणखी एक हात त्यांनी पाहिला होता.

ते वर आले. किल्ली पुढे केली. "घे, बाळा."

"पकडलं! आजोबांना पकडलं!" नात टाळ्या पिटायला लागली, पेला सांडला. सून पदराआड हसली. मुलगा तर मोठ्याने हसला, अगदी लहानपणी हसायचा तसा. "काय बाबा! गुरूची विद्या गुरूला!"

"दुखतंय रे," मास्तर म्हणाले.

"ते सगळेच म्हणायचे. तुम्हीच नक्कल करायचात, 'दुखतंय हो डॉक्टर!'" आणि मुलाने नक्कल केली. हुबेहूब बापासारखी. टेबलाचा पाय धरण्यासकट.

मास्तरांना सांगायचं होतं, की माणूस बरा असतो म्हणून वाकत नाही. समोरच्याची वस्तू पडते म्हणून वाकतो, लाज वाटते म्हणून वाकतो, सवयीने वाकतो. पण आयुष्यभर 'वाकते' एवढाच निकाल देणाऱ्याचं हे कोण ऐकणार?

रविवारी ते जिना चढले. प्रत्येक पायरीवर थांबत, कठड्याला कवटाळत. वर पोचल्यावर मुलगा खालून ओरडला, "बघा, चढले की!" नवं टेबल त्याच दुपारी आलं. मास्तर पुन्हा काही खाली उतरले नाहीत. जेवणाचं ताट वर जायचं.

काही दिवसांनी नात ताट आणायला वर गेली आणि धावत खाली आली. "बाबा, आजोबांची किल्ली खाली पडलीये. परवापासून तिथेच आहे. मी म्हटलं उचला, तर नुसते बघतात. मला म्हणाले, तूही उचलू नकोस, राहू दे, तुझ्या बाबाला बोलाव आणि दाखव."

मुलगा एका रोग्याच्या पाठीवर तळहात ठेवून उभा होता. तो हसला.

"त्यांचाच डाव आहे तो," म्हणाला. "आता कसे वाकतील?"

आणि खाली झुकून रोग्याला म्हणाला, "हं, श्वास सोडा... सोडा..."