दगडाबाईची झोप

दगडाबाई रात्री बसून झोपते आणि दिवसा उभ्यानं. वडवणीकडच्या तिच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरणेपणी ऊसतोडीला जायची तेव्हा कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, उसाचं पाचट जाळून भाकरी थापल्या. पुढं घरीही चूलच. तो सगळा धूर बाईनं छातीत जपून ठेवला. आता आडवी झाली की छाती भात्यासारखी वाजते. वर बीपी, शुगर आणि सुजलेले पाय. हे पाहुणे आले ते जायचं नावच घेत नाहीत.

रात्री राहिलेली झोप मग दिवसा बांधावर येते. म्हातारी पेंगते आणि तिच्या शेळ्या बांधापलीकडच्या बंकटच्या कापसात. रोजची कटकट ऐकून सून विजयमाला वैतागली. "आत्या, येत्या बाजारात शेळ्या इकून टाकू." शेळ्या गेल्या तर दगडाबाई नुसती खोकणारी म्हातारी उरणार होती.

मग तिनं अक्कल चालवली. शेजारच्या वत्सलाबाईला झोपेची गोळी मागितली. आमच्याकडे गोळ्या विरजणासारख्या मागतात. तुला लागू पडली ना, मग मलाबी दे थोडी. सकाळी दगडाबाई उठवता उठेना, ओठ निळे पडलेले. लेक परमेश्वरनं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवस नाकात नळी होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, तुमचा श्वास अडतो म्हणून झोप येत नाही. त्यात ही गोळी घेतली की श्वास आणखी मंद होतो. मागं दिलेला पंप ओढता ना रोज?"

पंप ट्रंकेत होता, ठेवणीतल्या लुगड्याच्या घडीत. लग्नाकार्याला जातानाच तो बाहेर निघायचा.

"रोज वडला तर सरंल की वो," ती म्हणाली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "सरायलाच दिलाय तो. सकाळ-संध्याकाळ ओढायचा, वर चूळ भरायची. चुलीपुढं बसायचं नाही, अन् शेजारणीची गोळी तर बिलकुल नाही."

कुरकुरत का होईना, शेळ्यांपायी म्हातारी पंप ओढू लागली. चुलीजवळ गेली की विजयमाला हाकलायची.

बाजाराचा दिवस उजाडला. दगडाबाईनं डोळे उघडले तर ऊन दारात आलेलं. उठून बघते तो दावी रिकामी. आपण झोपलो आणि यांनी डाव साधला, असं वाटून तिला रडू कोसळलं. इतकी तर ती नवरा गेला तेव्हाही रडली नव्हती.

एवढ्यात विजयमाला शेताकडून आली, शेळ्या पुढं घालून.

"रडता कावून? मीच चारून आणल्या. म्हणलं, झोपू द्यावं तुमाला."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. मग उलट सुनेलाच धरलं. "तुझं डोळं कावून लाल झालेत गं? झोपली न्हाईस?"

"कशाची झोप? रातभर तुमचा खोकलाच ऐकू येईना. घडीघडी उठून नाकापशी हात धरून बगत होते."