शेवट फोडणारा क्लायमॅक्स

गोष्टीचा शेवट कळला आणि तो कुणाला सांगता आला नाही, तर क्लायमॅक्सच्या पोटात दुखायचं. भांडुपच्या आमच्या चाळीत त्याचं खरं नाव त्याची आई सोडून कुणी घेत नसे. त्याच्या वडिलांचा स्टेशनबाहेर पेपरचा स्टॉल होता. त्यामुळे ‘पाणबुड्या हंबीर’ हे आम्हा सगळ्या पोरांचं लाडकं कॉमिक दर पंधरवड्याला आधी त्याच्या हाती पडायचं. वाचून झालं की तो दारोदार फिरायचा. मयताच्या घरी ठेवतात तसा खांद्यावर हात ठेवायचा आणि हळू आवाजात सांगायचा, “गुहेतला म्हातारा हंबीरचा सख्खा काका निघतो रे. आता बिनघोर वाच.”

बिनघोर काय वाचणार, कपाळ? मी पहाटे दुधाच्या पिशव्या टाकून स्वतःच्या कमाईने तो अंक घ्यायचो. एकदा माझं डोकं असं फिरलं की मी तडक स्टॉलवर गेलो आणि त्याच्या वडिलांना म्हणालो, “काका, तुमच्या मुलाने शेवट फोडलाय. फुटका माल मी पूर्ण भावात घेणार नाही.” काकांनी मला भाव कमी करून दिला आणि क्लायमॅक्सच्या पाठीत एक धपाटा घातला. आज माझं चारकोपला टाइल्सचं दुकान आहे आणि घासाघीस करण्यात मला कुणी हरवत नाही. पण त्याची सुरुवात त्या स्टॉलवर झाली, हे श्रेय मी क्लायमॅक्सला आजवर दिलेलं नाही. देणारही नाही.

मोठा झाला तरी खोड गेली नाही. मी मुलगी बघायला घाटकोपरला गेलो, तेव्हा हा सोबत होता. तिच्या भावाशी त्याने खाली गेटवरच ओळख काढली आणि जिन्यात माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी समजलो. “हो म्हणणार आहे,” तो म्हणाला, “पोहे पोटभर खा.” आयुष्यात एकदाच मिळणारी धाकधूक, तीही या माणसाने मला मिळू दिली नाही. बायको अजून म्हणते, तुम्ही त्या दिवशी सासरी आल्यासारखे बसला होता.

लहानपणचा एक शेवट मात्र त्याला फोडता आला नाही. हंबीरची पाणबुडी बर्फाखाली अडकली, आत पाणी शिरू लागलं आणि त्यानंतर स्टॉलवर अंक यायचेच बंद झाले. तेव्हा क्लायमॅक्स महिनाभर जेवणात मीठ नसल्यासारखा फिरत होता.

तो पुढचा अंक मला मागच्या महिन्यात बोरिवलीच्या एका रद्दीवाल्याकडे सापडला. मी इतकी हुज्जत घालत होतो की शेवटी त्याने मला पाणी आणून दिलं. अंक घेऊन सरळ मुलुंड गाठलं. क्लायमॅक्स त्याच आठवड्यात घर आवरून नागपूरला मुलाकडे कायमचा निघाला होता. जाण्याआधी हिशोब चुकता करायचा, असं मी ठरवलं. या वेळी आधी मी वाचणार, आणि शेवट त्याला मी सांगणार.

त्याच्या बिल्डिंगखाली गाडीत बसून वाचायला घेतलं. पाणबुडीचं छत तडकतं, हंबीरचा आचारी बाहेर बर्फात अडकतो, हंबीर दाराकडे धावतो, आणि खाली छापलेलं, क्रमशः. मी स्टीअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न वाजला आणि वॉचमन धावत आला.

वर गेलो. खोक्यांच्या मधोमध उभ्या क्लायमॅक्सच्या खांद्यावर हात ठेवला आणि अंक दाखवला. “यात शेवटच नाहीये रे.”

तो खोक्यावर बसला. पानं उलटली, चष्मा पुसून पुन्हा उलटली. मग म्हणाला, “मग आपण लावू ना. आचारी मरतो.”

“का म्हणून मरतो?”

“कुणीतरी गेल्याशिवाय शेवटाला वजन येत नाही, यार.”

“पाणबुडी घे. खजिना घे. आचारी मी देणार नाही.”

पाणबुडी त्याने बुडवली, खजिना मी सोडला, हंबीरचा काका तुरुंगात जाणार यावर दोघांचं एकमत झालं. आचाऱ्यावर मात्र गाडी अडली. वहिनींनी दोनदा चहा दिला. शेवटी त्या म्हणाल्या, “भावजी, सामान न्यायला माणसं आलीयत. तुमचा तो आचारी जरा दाराबाहेर घेऊन भांडता का?” अंक तो खोक्यात घालायला निघाला होता, मी काढून घेतला. सौदा ठरल्याशिवाय माल हातातून सोडायचा नसतो.

आता तो नागपूरला आहे. मी दुकानाचं शटर वर करतो आणि त्याचा फोन येतो. आधी म्हणाला, बरं, जीव ठेव, पण आचाऱ्याचा एक पाय तरी जाऊ दे. मी नाही म्हटलं. मग हातावर आला, मग पंजावर. काल तो डाव्या हाताच्या करंगळीपर्यंत उतरला. भाव चांगला आहे, मला कळतं. पण मी अजून ताणून धरलंय.