खिडकीकडे धरलेली काच

तायडेमास्तर रक्ताचा थेंब पसरलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली घालण्याआधी खिडकीकडे धरून बघत. उजेडात नुसत्या डोळ्यांनी. "आधी दुरून राम राम कराव, मंग घरात घुसाव," म्हणत. हिवरखेडचा हा माणूस अकोल्याच्या दवाखान्यात रक्त तपासायचा आणि मी त्यांच्या हाताखाली. साठच्या दशकातली गोष्ट. घरच्या प्रत्येक लग्नात मी ती सांगतो आणि दरवेळी तीत माझी हुशारी वाढते, असं बायको म्हणते. म्हणून आज खरी लिहितो.

तेल्हाऱ्याची नऊ वर्षांची सुशीला. नाक सारखं वाहायचं. टॉन्सिल काढायचे ठरले होते, दुसऱ्याच दिवशी सकाळी. तिच्या बोटाला टोचून काच मी केली. रक्त थांबवणाऱ्या बारीक कणांना आम्ही प्लेटलेट म्हणतो. ते मोजले, पुरेपूर भरले. शिवाय प्रत्येक कण सुटा, स्वच्छ, जणू रांगोळीचे ठिपके. 'सर्व ठीक' असं लिहून मी ती काच मास्तरांना मिरवायला नेली.

"कशी जमली?"

मास्तर बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढेनात.

"काच छान हाय बे. पोरगी छान नाई."

"काहून?"

"बोटातून थेट घेतलं ना? मंग हे झुंबडीनं दिसाले पायजे. हे तं सारे एकेकटे उभे हायेत. कोनी कोनाचा हात धरून नाई राहिलं."

माझी रांगोळी तिथेच पुसली गेली.

सकाळी मास्तर शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. डॉक्टर पुण्याचे. "तायडे, संख्या पूर्ण आहे, तुमच्याच खोलीतून आलीय."

"गाव भरलेलं हाय म्हून आग इझत नाई, सायेब. बादली हातोहात द्या लागते. दोन घंटे द्या मले."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि दिले.

दोन नळ्या कोमट पाण्यात ठेवल्या. एकीत सुशीलाचं रक्त, दुसरीत ताडून बघायला माझं. "तुहं रक्त तरी कामी येते का पाहू," मास्तर म्हणाले. सुई बघून मला घेरी आली, हे लग्नात सांगत नाही. दोन तासांनी माझ्या रक्ताची गुठळी आवळून नळीच्या काचेपासून सुटली होती, बाजूला पिवळं पाणी. सुशीलाची मात्र न आवळता, नळीभर, सैल.

एरवी शिपायाहाती चिठ्ठी धाडणारे डॉक्टर प्रथमच आमच्या खोलीत आले. दोन्ही नळ्या पाहिल्या. मग स्टूल ओढून म्हणाले, "बसा, तायडे. मी कापलं असतं तर रक्त थांबलं नसतं." शस्त्रक्रिया रद्द झाली.

जवळपास तीस वर्षांनी, गेल्या वर्षी सुशीला, आता अमरावतीत शिक्षिका, मुंबईचा अहवाल घेऊन आली. तिला घेऊन मी निवृत्त मास्तरांकडे गेलो. अहवालात होतं : प्लेटलेटच्या अंगावरची, एकमेकांना धरून ठेवणारी खूण तिच्या रक्तात नाही. आता यंत्र ती शोधून काढतं.

मास्तरांनी कागद आधी खिडकीकडे धरला. मग वाचला.

"म्हंजे हातच नोयते बाप्पा! मले वाटे, धरून नाई राहिले." सुशीलाच्या डोक्यावर हात ठेवून ते खदखदून हसले. मग माझ्याकडे वळले.

"काच मातर तुही लय छान होती बे. नाई तं दिसलंच नसतं."

हे मात्र मी प्रत्येक लग्नात सांगणार.