चपलांची रांग

आरोग्य केंद्राच्या दारासमोर रांग होती, पण माणसांची नव्हे, चपलांची. दुपार होत आली तरी डॉक्टर आले नव्हते. आपल्या जागी चप्पल ठेवून माणसं कडुनिंबाच्या सावलीत बसली होती. मी गरिबी आणि आरोग्य यांचा अभ्यास करणारा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, मला गंमत वाटली. तापानं फणफणलेल्या लेकीला मांडीवर घेतलेल्या बाईंना मी विचारलं, "कुणी तुमची चप्पल मागं सरकवली तर?"

"सरकवंल कशाला? त्याला बी उद्या हितंच यायचंय," त्या म्हणाल्या. "तुमी बी ठिवा की सर. तुमच्या बुटाला कोण हात लावतंय."

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून लाज वाटली. यांच्या दुखण्यांवर लिहून माझं घर चालतं. गरिबांना तब्येतीची किंमत नसते, म्हणून ते उपचार टाळतात, असं आमच्या विषयात किती सहज म्हटलं जातं. इथे तर माणसं मजुरी बुडवून, अनवाणी, एकमेकांवर विश्वास टाकून सकाळपासून बसली होती. मग टाळत होतं कोण?

गरीब उपचार टाळतात, हाच आमच्या नव्या शोधनिबंधाचाही निष्कर्ष आहे. मी तिथूनच माझ्यासोबत तो लिहिणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना फोन लावला.

"सर, शेवटचा निष्कर्ष मी काढून टाकतोय."

"अरे, त्याच्यावरच तर निबंध उभा आहे. आणि तुझी बढतीसुद्धा."

"मग दोन्ही पडू देत," मी म्हणालो. "माणसं आली होती, एवढं मी लिहिणारच."