चुटकी, टाळी, टाळी

आमच्या आत्याला बस म्हटलं की ती उभी राहते, आणि उभी असली की निघते. चहाचा पहिला घोट स्वयंपाकघरात, शेवटचा जिन्यात. अशा बाईने शाळेत मुलांना वृत्तं शिकवायची!

तरी पोरं खूश. लघु अक्षराला चुटकी, गुरूला टाळी. भुजंगप्रयातासाठी तिने स्वतःच ओळ रचली होती, ‘नको रे पळू तू जरा थांब येथे’. चुटकी, टाळी, टाळी. असं चार वेळा, की झाली ओळ. पुढच्या तीन ओळी पोरांनी जुळवल्या. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर वैतागून भिंत ठोकत, तर पोरं तोही ठेका धरत.

शेवटी सरांनी कवितेचा तासच मागितला. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, उद्या येऊन बघतो. पोरांना जमलं तर तास तुमचा, नाहीतर सरांचा.”

संध्याकाळी आत्या आमच्या ओट्यावर बोटं बडवत होती. “पहिली ओळ बरोबर येते रे. चौथीपर्यंत चुटक्या कुठे अन् टाळ्या कुठे! गेला माझा तास.”

“तू म्हणून दाखव बघू.”

तिने म्हटलं. चौथ्या ओळीला धाप लागली.

“आत्या, तू गाडी सुटल्यासारखी म्हणतेस. पोरं काय करतील?”

“गप रे, दीडशहाण्या!”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले. आत्याने सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला सुसाट सुटली. पोरांची बोटं अडखळली. दोन वेण्यांची एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “बाई, आम्ही मागे राहतो ना!”

“तुम्हीच म्हणा,” असं म्हणून आत्या सरळ वर्गाबाहेर गेली.

पुढचं शिपाईकाकांनी सांगितलं. आत्या दाराआड, दोन्ही हात काखेत दाबून. आत पोरं सावकाश, अगदी सावकाश म्हणत होती.

“अरे, ढकला ना पुढे!” ती पुटपुटली.

“बाई, पाणी प्या,” काका म्हणाले.

चारही ओळी न चुकता झाल्या. तास वाचला.

आता पोरं म्हणायला लागली की दोन वेण्यांची हात वर करून सांगते, “बाई, बाहेर.” आणि मुख्याध्यापकांनाही दाद न देणारी आमची आत्या मुकाट्याने व्हरांड्यात जाऊन येरझाऱ्या घालते.