चोवीस, वीस, अठरा

हां, तर तो स्टुलावरून खाली उतरला, टेप गुंडाळली आणि कपाटवाल्याला म्हणाला, "भाऊ, हे तुमचं कपाट माझ्या दारातून आत यायचं नाही. दोन बोटं जास्त आहे." कपाटवाला हसला. चौघांनी मिळून कपाट उचललं, आडवं केलं, तिरपं केलं, आणि ते मधोमध अडकून बसलं. दोन बोटंच! शेवटी मी रंधा घेऊन गेलो आणि चौकट तासून दिली. तोवर वहिनी, म्हणजे त्याची बायको, तासभर बाहेर पायरीवर बसून होती. "मला बघायला आले होते तेव्हासुद्धा टेप खिशात असणार यांच्या," असं ती म्हणाली होती, ते काल सांगायचं राहूनच गेलं.

असा हा घनफूट. त्याचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपुस्तकात होतं, आणि तिथेच राहिलं. आमची कंपनी परदेशातून लोकांचा माल आणून द्यायची. पुढे ऑफिस, मागे गोदाम. पुढे तो, मागे मी. मी मिस्त्री, खोकी ठोकायची, खोकी उघडायची. माझी शाळा गावातली, सातवीपर्यंतची, पण पावकी-निमकी तोंडपाठ, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. दुपारी डबा खाताना तो मला आकडे टाकायचा आणि मी परत टाकायचो. दुसरी माणसं पत्ते खेळतात, आम्ही गुणाकार खेळायचो.

त्याचं काम काय, तर माल यायच्या आधीच सांगायचं की भाडं किती वजनावर लागेल आणि सगळं मिळून खर्च कितीला जाईल. तुम्ही म्हणाल, त्यात काय, काट्यावर ठेवलं की कळलं! तसं नसतं. विमानाच्या पोटात जागा ठरलेली. लोखंडाचा गोळा वजनाने महाग पडतो आणि पिसांचं पोतं जागेने. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरात घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि सहा हजारांनी भागायचं. येईल ते जागेचं वजन. हे एक, आणि काट्यावरचं दुसरं. दोन्हींत जे जास्त, त्यावर भाडं. दुसऱ्या कुणाला याला कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटं लागायची. घनफूटचे नुसते ओठ हलायचे. विडा चघळल्यासारखे दोन-तीनदा हलले, की आकडा बाहेर! गिऱ्हाईक आ वासून बघायचं, आणि हा मुद्दाम खिडकीबाहेर बघायचा, जणू काही झालंच नाही. ते खिडकीबाहेर बघणं मला फार आवडायचं. आता वाटतं, त्याच वेळी त्याने कागदाकडे बघायला हवं होतं.

गल्लीच्या तोंडाशी टोप्यांचं दुकान होतं. चालवायची एक बाई, एकटीच. गवताच्या विणलेल्या, आकार न दिलेल्या कच्च्या टोप्या परदेशातून मागवायची, वाफेवर मऊ करून लाकडी ठोकळ्यावर ताणायची, फीत लावायची. वाफ कसली, तर चहाच्या किटलीची! बोटांची टोकं कायम भाजलेली. तिला एका बँडपथकाची मोठी ऑर्डर मिळाली होती, दोनशे चाळीस टोप्या, आणि भाव आधीच सांगून टाकायचा होता. त्यातून सुटेल त्यात वाफेचं यंत्र घ्यायचं तिने ठरवलं होतं. एरवी तिचा माल जहाजाने यायचा, पण पथकाला घाई, म्हणून या वेळी विमान. ती ऑफिसात आली तेव्हा मी खिळ्यांचा हिशोब द्यायला तिथेच उभा होतो.

तिने माल पाठवणाऱ्याचा कागद टेबलावर ठेवला. सहा खोकी, प्रत्येक नऊ किलो, माप चोवीस, वीस, अठरा.

घनफूटचे ओठ हलले. "दीड किलोसुद्धा भरत नाही जागेचं. म्हणजे खऱ्या वजनावर जाईल. नऊ सक चोपन्न. चोपन्न किलोंचं भाडं."

"इतकंच? नक्की ना हो?" बाई म्हणाली.

"बाई, मी सांगितलं म्हणजे झालं," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघायला लागला.

बाईने त्याच संध्याकाळी पथकाला भाव कळवला.

माल आला. गोदामात टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. मी आकडा वाचला, "एकसष्ट." तो म्हणाला, "टेप नीट धर." मी नीट धरली. एकसष्ट. रुंदी एक्कावन्न, उंची सेहेचाळीस. तो ऑफिसात गेला आणि तो कागद घेऊन आला. खाली, सहीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: सर्व मापं इंचांत.

अहो, चोवीस सेंटीमीटरचं खोकं म्हणजे केवढं? माझ्या डब्याची पिशवी मावेल एवढं. त्यात चाळीस टोप्या, तेही नऊ किलोंच्या! असलं खोकं पाण्यात टाकलं तर बुडेल. गवताच्या टोप्या बुडतात का कधी? मलाही कळायला हवं होतं, मी तिथेच तर उभा होतो. पण मी त्याच्या ओठांकडे बघत होतो.

एका खोक्याचं जागेचं वजन निघालं चोवीस किलो. सहांचं एकशे चव्वेचाळीस. आणि गोष्ट भाड्यावर थांबत नाही. मालाची किंमत, विमा आणि भाडं या तिन्हींची बेरीज करतात आणि त्या बेरजेवर जकात लागते. जकात मिळवून जे होईल त्यावर आणखी कर. म्हणजे भाडं फुगलं की मागचं सगळं फुगतं, पीठ आंबल्यासारखं. घनफूट तिथेच एका खोक्यावर बसला. ओठ हलत नव्हते.

"बाईला काय सांगणार?" मी विचारलं.

"सांगतो," तो म्हणाला.

बाई आली. बिल बघून तिचा चेहरा उतरला. आणि माझ्यादेखत, हातात तो कागद घडी करून धरलेला असताना, घनफूट म्हणाला, "पाठवणाऱ्याने माप चुकीचं कळवलं, बाई. तसं मी बोलून बघितलं वर, थोडं कमी होतंय का ते. पण नियम म्हणजे नियम."

वर तो कुणाशीही बोललेला नव्हता. मी हातोडी घेतली आणि ठोकायचं काही नसताना एक खिळा ठोकला.

बाईने बिल भरलं. यंत्र राहिलं, किटली राहिली. आठ दिवसांनी ती पुन्हा आली, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. "माझ्यासाठी तुम्ही वरपर्यंत भांडलात," ती म्हणाली, "एवढं कोण करतं हो हल्ली?" आत टोपी होती. घनफूटसाठी तिने स्वतः ताणून केलेली, निळ्या फितीची. नुसत्या नजरेने डोक्याचं माप घेतलं होतं बाईने, आणि टोपी अशी बरोबर बसली की काय सांगू! ऑफिसातल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने घाईघाईने ती काढून टेबलाच्या खणात टाकली.

घरी नेल्यावर वहिनीने ती दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि आल्यागेल्याला दाखवायला लागली. "गिऱ्हाइकाने दिली. प्रेमाने दिली. पण घालतील तर शपथ!" मी गेलो की मलाही म्हणायची, "मिस्त्री भावजी, तुम्ही तरी सांगा यांना. उन्हातान्हाचे उघड्या डोक्याने जातात." मी काय सांगणार? मी चहा पीत बसायचो. तो खुर्ची फिरवून टोपीकडे पाठ करून बसायचा. गुणाकारही बंद झाला आमचा. डबा उघडायचा, खायचा, झाकायचा. मी एकदा गंमत म्हणून विचारलं, "सत्तावीस गुणिले चौतीस?" तर म्हणाला, "कागद आण."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्याचं त्याला लागलेलं होतं आणि माझं मला. टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं ना!

महिनाभराने बाई तिसऱ्यांदा आली. या वेळी कोरा कागद घेऊन.

"मला एक पत्र लिहून द्या," ती घनफूटला म्हणाली. "त्या टोपीवाल्याला. यापुढे तुमच्याकडून माल घेणार नाही, असं. माप कसं चुकलं ते तुम्हालाच नेमकं माहीत, तेव्हा तुमच्याच शब्दांत लिहा. मला मेलीला त्यातलं काय कळतंय!"

"पत्र कशाला, बाई," घनफूट म्हणाला, "जाऊ द्या की."

"जाऊ कसं देऊ? तीस वर्षं माल घेतेय त्याच्याकडून. माझ्या वडिलांच्या वेळेपासून. मागच्या आठवड्यात फोन करून चांगलं झाडलं मी त्याला. आणि माहीत आहे काय म्हणाला? म्हातारा झालोय, डोळे साथ देत नाहीत, माझंच चुकलं असेल. दहा टोप्या फुकट पाठवतो म्हणाला. मी म्हटलं, ठेवा तुमच्या टोप्या."

ती कागद ठेवून गेली. घनफूटने लिहायला घेतलं. 'आपण कळवलेलं माप' इथपर्यंत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी मी बघितलं तर पहिला कागद चुरगळून टाकलेला आणि नव्या कागदावर पुन्हा 'आपण कळवलेलं माप'. अक्षर त्याचं मोत्यासारखं. तेच तीन शब्द, पुन्हा पुन्हा.

जेवणाच्या सुट्टीत तो गोदामात आला. "मिस्त्री, चल माझ्याबरोबर. मला एकट्याला जमणार नाही."

"कुठे?"

"तुला माहीत आहे कुठे."

वाटेत तो एकदा थांबला आणि म्हणाला, "म्हाताऱ्याचे डोळे ठणठणीत आहेत रे. त्याने लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही." मग पुन्हा चालायला लागला.

दुकानात किटली फुसफुसत होती. बाई एक टोपी ठोकळ्यावर ताणत होती. आम्हाला बघून हसली. "झालं पत्र?"

घनफूटने खिशातून तो जुना कागद काढला, उलगडला आणि फळीवर ठेवून सहीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. बाई वाकून वाचायला लागली. वाचताना तिचे हात टोपीवरच होते.

"इंच," ती म्हणाली.

"हो. मी सेंटीमीटर धरले. बघितलंच नाही खाली. आणि कळल्यावर तुम्हाला खोटं सांगितलं. वर कुणाशी बोललोही नव्हतो."

किटली एकटीच बोलत होती. मला वाटलं, आता ही हातातला ठोकळा फेकून मारणार. मीही त्याच्या बाजूला सरकलो. म्हटलं, लागला तर दोघांना लागू दे.

"मलाही माहीत होतं, बाई," मी म्हणालो.

"तुम्ही गप्प बसा, मिस्त्री. तुमची पाळी येईल," ती म्हणाली. मग घनफूटकडे वळली. "मी त्या माणसाला काय काय बोलले, तुम्हाला कल्पना आहे? माझ्या बापाला कधी बोलले नाही असं बोलले. आणि तुम्हाला टोपी दिली! स्वतःच्या हाताने!"

"फरकाचे पैसे मी पगारातून..."

"ते देणारच आहात तुम्ही. ते नंतर. आधी त्याला फोन लावा. इथून. माझ्यासमोर."

त्याने लावला. पलीकडे म्हाताऱ्याला ऐकायला कमी येत असावं, कारण घनफूटला तेच वाक्य तीनदा म्हणावं लागलं, आणि दर वेळी मोठ्याने: "तुमचं माप बरोबर होतं. चूक माझी होती." तिसऱ्यांदा तो इतक्या मोठ्याने ओरडला की रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत डोकावली. त्याचे कान तांबडेलाल झाले होते. मी आयुष्यात पुष्कळ माणसं शरमलेली बघितली, पण ओरडून शरमलेला हाच एक.

मग फोन बाईने घेतला आणि पाठ फिरवून बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. ठेवला तेव्हा डोळे पुसून झाले होते.

"तो हसला," ती म्हणाली. "डोळे चांगले आहेत म्हणून खूश झाला बिचारा. आता डॉक्टरकडे जाणार नाही म्हणतोय." मग टोपी ठोकळ्यावरून उतरवली, झटकली आणि दुसरी कच्ची टोपी वाफेवर धरली. जरा वेळाने, आमच्याकडे न बघताच, तिने विचारलं, "पुढच्या हंगामाला त्याच्याकडूनच मागवणार आहे मी. आठ खोकी, हीच मापं. भाडं किती पडेल?"

घनफूटचे ओठ हलले. एकदा, दोनदा. चोवीस आठे मला स्वतःला येत होते, आणि तोंडावर आलेही होते. त्याने खिडकीकडे बघितलं, मग मान वळवून फळीवरच्या त्या कागदाकडे बघितलं. ओठ थांबले.

"बाई, उद्या सांगतो. आधी म्हाताऱ्याला विचारतो, या वेळची खोकी मोजलीत का, आणि इंचांत की सेंटीमीटरात. मग कागदावर करून आणतो, आणि तुमच्यासमोर मिस्त्रीकडून तपासून घेतो."