सातव्या मशीनची जागा

अमेरिकेतल्या वाळवंटात, चँडलरमध्ये, मे महिना लागला की गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देतं, आणि ऑफिसातल्या कुणालाही कुठेही पाठवा, तो आनंदाने निघतो. मॅनेजरने मला बोलावून दोन आठवडे हायफाँगला जाशील का असं विचारलं, तेव्हा मीही हो म्हटलं. हायफाँग हे उत्तर व्हिएतनाममधलं बंदराचं शहर. तिथे आमच्या कंपनीने नवा कारखाना काढला होता आणि तिथल्या लोकांना आमचं काम शिकवायचं होतं. "इट्स ओन्ली अ बॅकअप," तो म्हणाला. मी काही विचारलेलं नसताना म्हणाला, म्हणून माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझं काम कॉम्प्युटरच्या चिप्स तपासायचं. तयार झालेली चिप चांगली की फेकून द्यायची हे आमची मशीन्स ठरवतात, आणि मशीनचं ऐकायचं की नाही हे मी ठरवते. मशीन्स खोटं बोलतात, दुपारी तर हमखास. बारा वर्षांत मला त्यांचे स्वभाव माणसांपेक्षा जास्त कळायला लागलेत, असं नवरा म्हणतो. तो हे कौतुकाने म्हणत नाही.

त्याला ही ट्रिप अजिबात आवडली नव्हती. आमच्या घरातले तिघंही माझ्या नोकरीच्या व्हिसावर आहेत. त्याचं वर्क परमिटही त्यावरच. माझी नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर घर आवरून निघायचं. ग्रीन कार्डच्या रांगेत आमचा नंबर कधी लागेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मुलगी चार वर्षांची असताना आम्ही इथे आलो. आता तिचं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं.

"नाही म्हण ना यार," नवरा म्हणाला. "काहीतरी रीझन दे. कॅन्सल कर."

"नाही म्हटलं तर ले-ऑफच्या लिस्टमध्ये पहिलं नाव माझं येईल."

"आणि हो म्हटलंस तर?"

उत्तर नसलं की मला राग येतो. मी त्याला माळ्यावरची बॅग काढून द्यायला सांगितली. मुलगी मान वर न करता म्हणाली, "आई, चिल. इट्स जस्ट अ वर्क ट्रिप."

माझ्या रागाचं खरं कारण वीस वर्षं जुनं होतं. तेव्हा मी पुण्यात नोकरीला नुकती लागले होते. एक अमेरिकन गृहस्थ तीन आठवड्यांसाठी आम्हाला शिकवायला आले. साठीच्या आसपासचे, पांढऱ्या मिशांचे, कँटीनमधल्या मिसळीने घामाघूम होऊनही पुन्हा मिसळच मागणारे. ते यायच्या आधीच आमच्या साहेबांनी आम्हाला सांगून ठेवलं होतं, की त्यांचा तिकडचा विभाग बंद होऊन सगळं काम पुण्याला येणार आहे, आणि हे त्यांना अजून माहीत नाही. कुणी तोंड उघडायचं नाही. आम्ही उघडलं नाही. पहिल्या नोकरीत कोण उघडतं?

शेवटच्या दिवशी आम्ही त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. शाल मीच लक्ष्मी रोडवरून आणली होती. आमच्याकडे सत्काराला शाल देतात आणि निवृत्त होणाऱ्यालाही देतात. आम्ही कशासाठी देत होतो ते आम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फोटोसाठी शाल अंगावर घेतली, नारळाचं काय करायचं म्हणून विचारलं, सगळे हसले. मग निघता निघता त्यांनी मला बाजूला बोलावून त्यांच्या तिकडच्या एका मशीनच्या खोडी सांगितल्या, त्या मी वहीत उतरवून घेतल्या. वर्षभरात ते मशीन पुण्याला आलं. तेव्हा त्या खोडी मला एकटीलाच माहीत होत्या. माझं नाव झालं, बढती मिळाली, आणि त्यातूनच पुढे अमेरिका. एवढी वर्षं मी त्या माणसाला मनात 'बिचारे' म्हणत आले. बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलंच नाही.

हायफाँगला उतरले तर सगळं शहर गुलमोहराने पेटलेलं. तळ्याच्या काठाने, शाळांच्या भिंतींवरून, कारखान्याच्या फाटकापर्यंत लालच लाल. हवा मात्र चँडलरच्या उलट, ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटणारी. मला घ्यायला जी आली तिलाच मी मुख्यतः शिकवणार होते. बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, नवरा बंदरावर कामाला. इंग्रजी सावकाश पण स्वच्छ बोलायची. मला ती 'ची' म्हणायची. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. आपल्या ताईसारखंच.

मी गुलमोहराचं कौतुक केलं तर ती म्हणाली, "हा फुलला की आमच्या शाळा संपतात. मुलं एकमेकांच्या वहीत याचं फूल ठेवतात. निरोपाचं फूल आहे हे. तुमच्याकडे काय करतात?"

"आमच्याकडे त्याखाली गाडी लावतात," मी म्हटलं.

ती हसली, पण पुरती नाही. पुढे मी पाहत गेले, तिथे माझ्यासमोर कुणीच पुरतं हसत नव्हतं. सगळे अदबीने वागायचे. माझा कप रिकामा व्हायच्या आत भरायचे. मला खेकड्याच्या रश्शातल्या तपकिरी शेवयांचा त्यांचा खास प्रकार रोज आग्रहाने खायला घातला. इतकं अगत्य मी यापूर्वी एकदाच पाहिलं होतं, आणि ते करणाऱ्यांत मी होते.

चौथ्या दिवशी आम्ही मागच्या हॉलमधून चाललो होतो. हॉल रिकामा होता. जमिनीवर पिवळ्या टेपने चौकोन आखले होते. मी मोजले. आठ. चँडलरला आमच्याकडे मशीन्स आठच आहेत. म्हटलं असेल, आठ काही दुर्मीळ आकडा नाही. पण सातवा चौकोन बाकीच्यांसारखा नव्हता. डाव्या बाजूला त्याला दोन फूट जास्त जागा सोडली होती.

आमच्या सातव्या मशीनला डाव्या बाजूला एक जास्तीचा कूलर आहे. तो मीच, वर्षभर भांडून, बसवून घेतला होता. मशीन बनवणारी कंपनी असं मशीन विकत नाही. असं मशीन जगात एकच आहे.

ती माझ्या शेजारी उभी होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "इथे स्टोअर होणार आहे," ती म्हणाली. मी "अच्छा" म्हटलं. मला तिचा राग आला नाही. हे वाक्य तिला कुणीतरी पाठ करून दिलेलं होतं, आणि ती चांगली मुलगी असल्यामुळे ते तिला नीट म्हणता येत नव्हतं.

हॉटेलवर जाऊन मेल उघडली. जुलैत आमच्या मशीन्सचं वार्षिक सर्व्हिसिंग असतं. ते कॅन्सल केलं होतं. कारण दिलेलं नव्हतं.

नवऱ्याला फोनवर काही सांगितलं नाही. तो लगेच हिशेब करायला बसला असता, साठ दिवसांचा, घराच्या लीजचा, मुलीच्या शाळेचा. मुलीने शेवटच्या वर्षाच्या फोटोसाठी निवडलेल्या ड्रेसचे तीन फोटो पाठवले. मला कुठला आवडला ते मी कळवलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. ज्या मुलीला पुण्यातली एक गल्लीही आठवत नाही, तिला मी कुठे घेऊन जाणार होते?

उरलेले दिवस मी शिकवलं. कागदावर जे जे होतं ते सगळं शिकवलं, त्यात खोट काढायला जागा ठेवली नाही. सातव्या मशीनबद्दल मात्र अवाक्षर बोलले नाही. दुपारी ते चांगल्या चिप्स वाईट म्हणून बाहेर टाकतं. ते का आणि काय केलं की थांबतं, हे कुठल्याही कागदावर नाही. मी ठरवलं होतं, की एवढं तरी माझ्याकडे राहू दे. फेकू देत त्यांना चिप्स. मग करतील मला फोन. आणि मी उचलणार नाही.

शेवटच्या दिवशी कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. भिंतीवर माझं नाव लिहिलेला कागद, टेबलावर कलिंगडाच्या फोडी. मला एक लाखेची डबी दिली, तिच्या झाकणावर गुलमोहर. आणि कमळांचा एक भलामोठा गुच्छ दिला. हा मी विमानात कुठे ठेवू, मी विचारलं. सगळे हसले. या वेळी पुरते हसले, कारण सुटल्यासारखं झालं होतं. मी फोटोसाठी गुच्छ छातीशी धरला.

समोर ती वही छातीशी धरून उभी होती. पंधरवडाभर तिने माझा शब्द न् शब्द त्या वहीत उतरवला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या नजरेत काय होतं ते मला लख्ख दिसलं. बिचारीला कळलंच नाही.

मला सांगायचं होतं, की बाई गं, मला सगळं कळलंय. पण ते सांगून तिचं काय होणार होतं? तिने तोंड उघडलं असा बोभाटा झाला असता. तिचीही दोन मुलं होती. मी कमळं टेबलावर ठेवली आणि तिला बाजूला घेतलं.

"लिहून घे," मी म्हटलं. "आमचं सात नंबरचं मशीन आहे ना, ते दुपारी दोननंतर खोटं बोलतं. डावीकडचा कूलर अर्धा तास आधी सुरू करायचा. तरीही ऐकलं नाही तर वीस मिनिटं काही करायचं नाही, नुसतं थांबायचं. ते आपोआप ताळ्यावर येतं."

ती भराभर लिहीत होती. 'डावीकडचा' लिहिलं आणि तिचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. मग तिने मान खाली घातली आणि वाक्य पुरं केलं.

वीस वर्षांपूर्वी पुण्यात, खांद्यावर शाल घेतलेल्या त्या गृहस्थांसमोर मीही असंच लिहून घेत होते. त्यांच्या तिकडच्या मशीनच्या खोडी ते मला का सांगत असतील, हे मला तेव्हा सुचलं नाही. माझं पेन थांबलं नव्हतं.